काळे मणी कुणी गाठवले

प्रिय आई,

तू असताना आपल्याला पत्राची गरज पडली नाही. मी सकाळी कंपनीच्या बसने जायचे, संध्याकाळी चेलाडी फाट्याला उतरून घरी यायचे, आणि जे काही सांगायचं ते तू भाकरी थापत असताना सांगून व्हायचं. आज लिहिते आहे, कारण आज दुपारी माझ्या लग्नाचे काळे मणी गाठवून झाले. ते कुणी गाठवले, हे तुला कळायला हवं. आणि त्यात तुझा जो वाटा आहे, त्याबद्दल मला तुझ्याशी भांडायचं आहे.

लग्न पुढच्या आठवड्यात आहे. मुलगा शिवऱ्याचा, निखिल. तू त्याला पाहिलं नाहीस. माझ्याच कंपनीत आहे, दुसऱ्या विभागात. त्यांचं हायवेला टायरचं दुकान आहे, मागे शेती आहे. कमी बोलतो. मावशी म्हणते, दोघं मिळून घरात काय बोलाल, भिंतीच बोलायच्या. मावशी परवा भोरहून येईल, तोवर घरात मी एकटीच आहे. म्हणून हे निवांत लिहिता येतं आहे.

आधीच सांगते, हे पत्र फार चांगल्या मनाने लिहिलेलं नाही. मला सुनीताचा हेवा वाटतो. तू होतीस तेव्हा वाटायचा. तू गेल्यावर कमी होईल असा माझा अंदाज होता. तो चुकला. ज्या माणसावरून हेवा वाटतो ते माणूसच उरलं नाही, तर हेवा कशावर टिकतो? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. तुला ठाऊक असेल तर तू तेव्हाच का नाही सांगितलंस?

सुनीता आपल्या दुकानात आली तेव्हा मी नववीत होते. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. कंपनीत मला अजून समजावून सांगावं लागतं की सोनार वेगळा आणि आपण वेगळे. सोनार मणी घडवतो, पुतळ्या घडवतो, आणि पटवेकरी ते दोऱ्यात गाठवतो, गळ्यात बसतील असे करतो. बाबा होते तोवर नसरापूरच्या बाजारातली सगळी गाठवणी आपल्याकडे यायची. बाबा गेले आणि तू त्यांच्या जागी बसलीस. दोऱ्याला मेण लावून त्याचा फास उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवायचीस, गुडघा उभा, तोंडात दुसरा दोरा. बायका ठुशी आणत राहिल्या, बोरमाळ आणत राहिल्या. काळे मणी मात्र भोरला जायला लागले. कुणी तोंडावर काही बोललं नाही. 'लग्नाचं हाय' एवढंच म्हणायच्या आणि पिशवी परत खांद्याला लावायच्या. सवाष्णीचं लेणं विधवेच्या हातून कसं गाठवायचं?

तू हसायचीस. 'मण्याला काय कळतंय गं, कुनाचा हात हाय ते,' म्हणायचीस. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. हे लक्षात ठेव, मी पुढे यावर येणार आहे.

मग एक दिवस पासलीहून एसटीने सुनीता आली. तिच्या गळ्यातली पोत तुटली होती. मणी पदराच्या टोकाला बांधून आणले होते. नवरा मुंबईला गेला होता आणि तिथून पनवेलला दुसरा संसार मांडून बसला होता, हे ती पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली. तू तिला दोऱ्याचं एक टोक धरायला दिलंस. ती धरून बसली. शेवटची बस चुकेल म्हणून तूच तिला उठवलंस. ती परत आली. मग येतच राहिली, आणि बाजारात दिसू लागलं की दुकानात आता हिरव्या बांगड्यांचा एक हात आहे.

काळे मणी परत यायला लागले. खरं काय होतं ते मी ओट्यावर बसून बघत होते. सगळं तू गाठवायचीस. मणी तू निवडायचीस, वाट्या तू बसवायचीस. शेवटची गाठ फक्त सुनीता मारायची, आणि गिऱ्हाइकाच्या हातात तीच द्यायची. बायका तिला हळदकुंकू लावून जायच्या. तू तेव्हा मागे सरकून बसायचीस, चहाचा कप घेऊन. नवरा पनवेलला नांदतो आहे, वर्षानुवर्षं बायकोचं तोंड बघितलं नाही, पण जिवंत आहे, म्हणून तिचा हात चालतो. आणि तुझा नाही. मला हे गणित तेव्हाही सुटलं नव्हतं.

पण माझा राग त्या बायकांवर नव्हता, आई. माझा राग तुम्हा दोघींवर होता. तुम्ही समोरासमोर बसायचात, मधे दोरा ताणलेला. तू ओढलंस की तिने सैल सोडायचं, तिने धरलं की तू मणी सरकवायचा. बोलावं लागायचं नाही. मी भूमितीची वही मांडीवर घेऊन तुमच्याकडे बघत बसायचे. तू तिच्या डब्यातली नाचणीची भाकरी अर्धी मोडून खायचीस आणि तुझी अर्धी तिला द्यायचीस. आपल्या घरात भाकरी अशी मोडून मला कधी दिलीस? मला ताटात वाढून द्यायचीस. फरक आहे.

एकदा मी दोरा हातात घेतला. तू काढून घेतलास. 'तुज्या हाताला घाम येतो. दोरा काळा पडंल. तू अभ्यास कर.' सुनीताच्या हाताला घाम येत नव्हता? वेल्ह्याच्या रस्त्याने तासभर एसटीत उभी राहून यायची ती. हात तिला आणि पुस्तकं मला, ही वाटणी तू कुणाला विचारून केलीस? मी चांगले मार्क मिळवले, इंजिनिअर झाले, नोकरी लागली. तू पेढे वाटलेस. पहिला पेढा दुकानात नेऊन सुनीताच्या तोंडात घातलास, हे मला शेजारच्या बांगडीवालीने सांगितलं.

भोरच्या दवाखान्यात तू होतीस तेव्हाचं एक राहिलं आहे, ते आज काढते. मी रजा टाकून तुझ्या उशाशी बसले होते. तू डोळे उघडलेस, मला बघितलंस, ओळखलंस, आणि विचारलंस, 'सुनी आली का?' मी म्हणाले, येईल. बाहेर जाऊन तिला फोनही लावला. पण मला सांग, तुला मी दिसत होते ना?

आणि ती आल्यावर तू म्हणालीस, तिच्याकडे बघत, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात, की भोरच्या सोनाराकडून माझी माहेरची वाटी घडवून घेतली आहे आणि ती सुनीकडे ठेवली आहे. मंगळसूत्रात एक वाटी माहेरची, एक सासरची. माहेरची आई देते. ती तू परक्या बाईच्या पेटीत ठेवलीस! घरात कपाट होतं. कपाटाला कुलूप होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

दहाव्याला शिवगंगेच्या काठी कावळा शिवेना. मावशीने सांगितलं, पोरीचं लग्न थाटात करू. मी सांगितलं, मी नीट राहीन, काळजी करू नकोस. कावळे झाडावर बसून राहिले. मग मागे बायकांत उभी असलेली सुनीता पुढे आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, 'आक्का, दुकान म्या उघडं ठिवीन.' आणि कावळा उतरला. कावळ्याच्या भुकेचा आणि तिच्या बोलण्याचा काही संबंध नाही, हे मला कळतं. माझं शिक्षण तेवढं झालं आहे. तरी त्या दिवसापासून मी ते विसरू शकलेले नाही. मी तुझी मुलगी, मी दिलेला शब्द तुला पुरला नाही?

असो. आता या महिन्याचं सांगते.

निखिलच्या आईंनी, त्यांना मी सध्या काकू म्हणते, मला दागिने पसंत करायला पुण्याला नेलं. मोठं दुकान, थंड हवा, मखमलीचे ट्रे. 'ट्रॅडिशनल' लिहिलेल्या पाटीखाली ठुशा, वज्रटीक, चिंचपेट्या, सगळं होतं. मंगळसूत्रांचा वेगळा कोपरा. मुलगी एकेक ट्रे काढत होती आणि मी एकेक वाटी उलटून बघत होते. सगळ्या एका साच्यातल्या. कड सारखी, जाडी सारखी, आतला भाग आरशासारखा. तुला माहीत आहे माझं काम काय आहे. एकासारखा दुसरा आहे की नाही ते बघायचं आणि असेल तर पुढे पाठवायचं. कंपनीत मी असा माल डोळे मिटून पास केला असता. गळ्यात घालावासा एकही वाटला नाही.

काकू म्हणाल्या, 'बघ की, किती सुबक हाय. एकसारखं.' मी त्या मुलीला विचारलं, दोऱ्यात गाठवून मिळेल का? ती म्हणाली, मॅडम, आता सगळं तारेतच येतं, दोरा घामाने खराब होतो, तुटतो, पुन्हा गाठवत बसावं लागतं. बरोबरच होतं तिचं. मी तिला खोडून काढलं नाही. काकूंना फक्त म्हणाले, मला हाताने केलेलं हवं आहे, आणि दोऱ्यातलं. त्यांना वाटलं होतं, मशीनवरची मुलगी, हिला मशीनचंच आवडेल.

काकू वाईट नाहीत, आई. त्यांनी ऐकलं. सासरची वाटी त्यांनी तुझ्याच सोनाराकडून भोरला करून घेतली. आणि मग साहजिकच विचारलं, माहेरची वाटी कुठं आहे? मला सांगावं लागलं. आणि गाठवणार कोण? तेही सांगावं लागलं.

आज काकू शिवऱ्याहून वडापच्या जीपने आल्या, मी फाट्याला त्यांच्यासोबत बसले. फाट्यापासून बाजारापर्यंत मी एकच विचार करत होते: वाटी घ्यायची आणि गाठवायला भोरला न्यायची. पण मला हवी होती ती तुझी गाठ. शेवटचं टोक मण्यांच्या आत परत ओवून घेतलेली, कुठे संपली ते दिसत नाही अशी. आणि ती या मुलखात एकाच बाईच्या हातात आहे. आपली वस्तू चोराकडूनच विकत घ्यायला निघावं, तसं मला वाटत होतं. म्हणून मी तिला काम न देण्याचं कारण शोधत होते. तिचा हात थरथरतो, चष्मा लागला, मणी मागेपुढे होतात. काहीही चाललं असतं.

सुनीता तुझ्या जागी बसली होती. तुझ्यासारखाच गुडघा उभा. तिने काकूंना पाट दिला, पाणी दिलं, मला म्हणाली, 'वाळलीस गं.' पेटीतून डबी काढली. कापसात वाटी होती. मी पहिल्यांदा बघितली. हातोडीने ठोकून केलेली, कड एका बाजूला किंचित जाड, आत ठोक्यांच्या बारीक खुणा. काकूंनी आणलेली वाटी मी तिच्याशेजारी ठेवली. कारागीर तोच, तरी दोन्हींत फरक दिसत होता. मला बघायला बरं वाटलं, आणि तुझी इतके दिवस तिच्याकडे होती म्हणून वाईटही वाटलं.

काळे मणी काकूंनी पुढे केले. सुनीताने हात पुढे केला नाही. म्हणाली, 'आदी एक सांगती. मग तुमी ठरवा.'

काकूंनी मणी मांडीवर ठेवले.

'मागल्या म्हयन्यात पनवेलवरनं फोन आला. ते गेलं. हितं कुनाला म्हाईत न्हाई. तवापास्नं म्या काळं मणी हातात घेतलं न्हाईत. बाया आल्या की सांगती, दोरा संपलाय.' मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'तुला दोरा संपलाय म्हनून कसं सांगू?'

तिच्या हातात बांगड्या होत्याच. काकूंची नजर तिकडे गेली. तिनेही ते बघितलं. म्हणाली, 'काढल्या की बाजार इचारंल. मग काळं मणी बंद, आन काळ्या मण्यांबिगर दुकान चालत न्हाई. आक्कांच्या येळंला बघितलंय म्या.'

काकूंनी आधी जे विचारायचं ते विचारलं, कसे गेले, कोण होतं जवळ, दिवसकार्याला तरी गेली होतीस का. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. मग त्या डोळे पुसून, पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या, 'आमच्या मनात तसं काय न्हाई बाई. पन लग्नाचं हाय. चार बायका इचारत्यात, कुनी गाठवलं म्हनून. वाटी तेवढी दे, आमी भोरला करून घेतो.'

सुनीताने वाटी कापसात ठेवली, डबी बंद केली आणि माझ्यापुढे सरकवली.

आई, मी रस्ताभर जे कारण शोधत होते, ते माझ्या हातात आयतं आलं. मला बोलायचीही गरज नव्हती. डबी उचलायची आणि उठायचं. ती वाईट ठरत नव्हती, मी वाईट ठरत नव्हते, काकू तर नव्हत्याच. तुझी माया तिला मिळाली, तुझा हात तिला मिळाला, तुझी जागा तिला मिळाली. आता काहीतरी तिच्याकडून जात होतं, आणि मी फक्त बघायचं होतं. मला त्या क्षणी समाधान वाटलं. तुझ्यापुढे खोटं बोलून काय करू? वाटलं.

आणि लगेच दुसरी गोष्ट दिसली. हेच कारण तुझ्यासाठी वापरलं गेलं होतं. शब्दही तेच. 'लग्नाचं हाय.' पिशवी खांद्याला लावायची तऱ्हाही तीच.

मी डबी उचलली नाही. काकूंना विचारलं, 'काकू, माझी आई असती आणि आज तिने गाठवायला घेतलं असतं, तर तुम्हाला चाललं असतं?'

त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, 'न्हाई म्हनले असते बहुतेक.'

'मग मला हाच हात हवा,' मी म्हणाले.

माझा आवाज चढला नव्हता. पण बाजूच्या बांगडीवालीपर्यंत ऐकू गेलं असणार, कारण तिने गिऱ्हाइकाशी बोलणं थांबवलं.

मला वाटलं, सुनीताला बरं वाटेल. ती उलट घाबरली. म्हणाली, 'नगं बाय. आक्कांनी सोता सांगितलंय मला. माज्या पोरीचं तू गाठव, माजा हात नगं तिला. म्हनून शिकवलं मला. आन आता म्या बी तीच झाले की.'

आता आलं ते, ज्याच्यासाठी मी भांडायला बसले आहे. तू हसायचीस ना? मण्याला काय कळतंय म्हणायचीस ना? मग माझ्या वेळी मण्याला कळायला लागलं? जगाच्या पोरींचे मणी तू मागे बसून गाठवलेस आणि मनात म्हणालीस, मूर्ख आहेत. तुझ्या पोरीचे गाठवायची वेळ आली आणि तुलाच धीर झाला नाही. तू धडधाकट असताना काळे मणी घेऊन बसली असतीस, माझ्यासाठी गाठवून ठेवले असतेस, तर मी ते कपाटात जपले असते. लग्न ठरेपर्यंत, न ठरलं तरी जपले असते. तुला माझ्या संसाराची भीती वाटली. मला त्या संसारात तुझा हात हवा होता. हे तू मला एकदा तरी विचारायचं होतंस.

आणि सुनीताचं वाक्य ऐकून मला आणखी एक वाटलं, तेही लिहिते. 'म्या बी तीच झाले.' म्हणजे आता तुम्हा दोघींचं तेही सारखं झालं. तुझं दु:खसुद्धा तिलाच मिळालं. मी त्यातही बाहेर! असा हेवा करायचा नसतो, मला माहीत आहे. पण वाटला.

मग तिनेच तोडगा काढला. जुनाच. मी गाठवते, शेवटची गाठ तेवढी या मारतील, म्हणून तिने काकूंकडे बोट केलं. काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी पदर खोचलासुद्धा. सगळ्यांची सोय होत होती.

मी नको म्हणाले. त्या एका गाठीमागे तू किती वर्षं मागे सरकून बसलीस, ते मी बघितलं आहे. पहिल्या मण्यापासून शेवटपर्यंत सुनीताताईच, नाहीतर मी वाटी गळ्यात घालणार नाही, असं मी सांगितलं. सुनीता तोंडाला पदर लावून हसली. 'आक्कांवर गेलीया,' म्हणाली. 'त्या बी अशाच, गार डोक्यानं नडायच्या.'

तुझ्यासारखी आहे, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं कुणी, तर तिने!

काकू उठून समोरच्या कापडदुकानात जाऊन बसल्या. रागाने नाही. त्यांना ते बघवत नव्हतं. मी बसून राहिले. तिने दोऱ्याला मेण लावलं, फास अंगठ्यात अडकवला, मणी ताटलीत पसरले. एकेक मणी बोटाने सरकवून बाजूला काढत होती. चपटे वेगळे, गोल वेगळे. दर थोड्या मण्यांनी सोन्याचा एक मणी, त्याच्यामागे गाठ, गाठ नखाने दाबलेली. वाट्यांपाशी येऊन ती थांबली. माहेरची एका बाजूला, सासरची दुसऱ्या बाजूला, दोन्ही उलट्या. मी बोटं बघत होते. तू बोटं अशीच वाकडी धरायचीस, करंगळी लांब ठेवून. मला वाटलं होतं, ते बघून मला तुझी आठवण येईल. तसं झालं नाही. मला तिचाच राग येत राहिला, की ती इतकं हुबेहूब कसं करते. तरी मी नजर काढली नाही.

शेवटची गाठ मारताना तिचा हात मात्र थांबला. मग तिने मारली. टोक परत आत ओवून घेतलं, दोऱ्याला ताण देऊन बघितला, आणि काळे मणी माझ्या तळहातावर ठेवले. मग सवयीने हळदकुंकवासाठी कपाळ पुढे केलं, आणि लक्षात येताच ती मागे झाली. दुकानातली कुंकवाची कोयरी फळीवर होती. मी उठून घेतली आणि तिला लावलं. तिने लावून घेतलं. मान खाली घालून बसली होती.

निघताना म्हणाली, 'सुलट करायला येशील न्हवं? का तेवढ्यापुरतंच?'

तुला सांगायला नको, नवरीच्या वाट्या उलट्या असतात आणि लग्नानंतर सोळाव्या दिवशी त्या सुलट्या करून पुन्हा गाठवतात. पहिल्यांदा माहेरचा हट्ट म्हणून चालून जातं. दुसऱ्यांदा सासरच्या घरातून निघून, सांगून यावं लागतं. तिला तेच विचारायचं होतं. मी मान हलवली. नीट उत्तर दिलं नाही, कारण तेवढ्यात काकू आल्या.

काकूंनी मणी हातात घेतले, उजेडाकडे धरले, शेवट शोधला. 'गाठ बरीक कुठं दिसत न्हाई,' म्हणाल्या. परतताना वडापमध्ये बसलो. मी फाट्याला उतरायच्या आधी म्हणाल्या, 'घरात कुनी इचारलं तर मी बोलंन. तू बोलू नगं. तू लई सरळ बोलतीस.' त्या काय बोलतील, मला माहीत नाही. मीही विचारलं नाही.

बातमी मात्र आतापर्यंत बाजारभर झाली असणार. सुनीताच्या तोंडून एकदा निघालं ते परत आत जाणार नाही. उद्यापासून काळे मणी पुन्हा भोरला जातील, आणि ते माझ्यामुळे बाहेर आलं. ती माझ्याशी खोटं बोलू शकली असती. दोरा संपलाय म्हणाली असती तर मी खुशीत परतले असते. ती तुझ्या मुलीशी खोटं बोलली नाही. समोर तुझी मुलगी होती म्हणून. मला हे कळतं, आणि म्हणूनच तिचा इतका हेवा वाटतो: तिने तुझ्यासाठी जे टाकलं, ते टाकायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

तर आता शब्द देते. त्या वेळी नदीवर दिलेला तुला पुरला नव्हता, म्हणून हा नीट देते. तिचा हेवा थांबवीन असं म्हणत नाही. ते माझ्या हातात नाही, आणि मला खात्री नसलेलं मी लिहून देत नाही. पण वाट्या सुलट करायला मी भोरला जाणार नाही. सोळावा दिवस सरला की पुढच्याच बाजारच्या दिवशी येईन, ओटा बायकांनी भरलेला असताना. मंगळसूत्र गळ्यातून काढून सगळ्यांसमोर तिच्या ताटलीत ठेवीन, गळ्यात तेवढा वेळ हळकुंडाचा दोरा बांधून बसेन, घाई करणार नाही. कुणी विचारलं तर सांगेन, पहिल्यांदाही हिनेच गाठवलं होतं, पहिल्या मण्यापासून शेवटपर्यंत. कुणी विचारलं नाही, तरी सांगेन. काकू म्हणतात तसं, मी सरळ बोलते. आणि दोरा झिजला की परत येईन. दोरा झिजतोच.

तुझी,
आणि 'तुझी मुलगी' असं लिहिण्याचा हक्क तरी फक्त जिचा आहे, ती

प्राजक्ता